लांबहात्याचा गुडघा

ती गेली त्या दिवशी रविवार होता. तिने चहा केला, कप ओट्यावर ठेवले आणि खुर्चीत बसली. मी आतून हाक मारली. ती बोलली नाही. शेजारी डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चष्मा काढला. ओट्यावर तिचा मोबाईल वाजत होता.

तो दुपारपर्यंत थांबून थांबून वाजत राहिला. पुण्याहून मुलगी आली तेव्हा तिने आवाज बंद केला आणि मला विचारले, "बाबा, या ग्रुपवाल्यांना कोण कळवणार?" मी म्हणालो, मी कळवतो. मी तिच्याच मोबाईलवरून एकच ओळ लिहिली. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग आली. त्याआधी त्या गटात मी कधी काही लिहिले नव्हते. लिहायचे कारणही नव्हते. गट तिचा होता.

हा गट परदेशातल्या जुन्या नाचगाण्यांच्या सिनेमांवर जीव असलेल्या माणसांचा. हॉलिवूडचे ते सिनेमे, ज्यांत माणसे रस्त्यावर चालता चालता गायला लागतात आणि कोणालाच त्याचे आश्चर्य वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात असा गट असावा हेच मला आधी खरे वाटले नव्हते. पण होता. सावेडीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत. नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशिनचे वर्कशॉप असलेले एक गृहस्थ. देवळाली प्रवराचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक केमिस्ट. आणखी काही जण. आणि केडगावहून माझी बायको.

तिला हे वेड लहानपणी लागले. तिचे वडील भिंगारला मिलिटरीच्या एका ऑफिसात कारकून होते. सुटीच्या दिवशी फौजी कुटुंबांसाठी इंग्रजी सिनेमा दाखवत, तिथे ते मुलांना नेत. "इंग्रजी कळायचं नाही," ती सांगायची, "पाय कळायचे." पुढे ती भूगोलाची शिक्षिका झाली, इंग्रजी कळू लागले, पण ती पडद्यावर बघायची ते पायच. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मला ते सिनेमे कधी आवडले नाहीत. ती बघत असताना मी त्याच खोलीत वाचत बसे. आमचा संसार बराचसा असा एका खोलीत, दोन दिशांना तोंड करून झाला. त्यात दुःख काही नव्हते.

गटाची एक पद्धत होती. रविवारी सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने एका कलावंताबद्दल एक माहिती टाकायची, आणि मराठीत टाकायची. परदेशी नावे लिहिताना बोटे अडखळत, म्हणून त्यांनी नटनट्यांना आपली नावे ठेवली होती. एक होती फरवाली. एक होता लांबहात्या, हे नाव माझ्या बायकोने लहानपणीच ठेवलेले, कारण नाचताना त्याचे हात कोटाच्या बाह्यांतून वीतभर बाहेर येत. कोणी लिहायचे की फरवालीच्या तोंडची गाणी दुसरीच बाई गायची आणि तिचे नाव पडद्यावर यायचे नाही. कोणी लिहायचे की पाय घसरू नयेत म्हणून जिन्याच्या पायऱ्यांना राळ चोळत. ज्याला शंका येईल त्याने खाली एवढेच लिहायचे, 'पुरावा?' संध्याकाळपर्यंत पुरावा दिला नाही तर माहिती काढून टाकायची आणि पुढचा रविवार गप्प बसायचे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारणारी माझी बायको. गटात तिला हायकोर्ट म्हणत. नागापूरवाल्यांनी एकदा काहीतरी टाकले आणि पुरावा विचारल्यावर लिहिले, "मॅडम, कुठंतरी वाचलं हुतं." तिने उत्तर दिले, "'कुठंतरी' नकाशावर दाखवा." ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवले होते. स्वतःच्या विनोदावर ती क्वचित हसे. त्या दिवशी हसली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ताई आणि नागापूरचे गृहस्थ आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. वंदना झाली, भन्तेजींचे बोलणे झाले, लोक पुष्पे वाहायला उठले. मीही उठलो. फोटोपाशी जायला एक पायरी होती. परत वळलो तेव्हा ते दोघे माझ्याकडे पाहत होते, पण तोंडाकडे नाही. माझ्या पायांकडे. मी पाहतोय हे लक्षात येताच दोघांनी माना वळवल्या. मला वाटले, पायमोजा फाटला असेल. नव्हता.

मुलगी परत जाताना म्हणाली, "बाबा, तो ग्रुप सोडून द्या. उगीच त्रास होईल." मी सोडला नाही. रविवारी सकाळी घरात तो आवाज असायचा. तो तरी असू दे, एवढाच विचार होता.

आणि मग एका रविवारी देवळालीच्या केमिस्टांनी ही माहिती टाकली: 'लांबहात्या नाच सुरू करण्याआधी उजव्या हाताने डावा गुडघा हळूच दाबायचा. पहिलं पाऊल कोणाचं, हे पायाला सांगण्यासाठी.'

मी ती पुन्हा वाचली. मग मोबाईल पालथा ठेवला.

इथे मला माझ्या पायाबद्दल सांगावे लागेल, जे मी एरवी सांगत नाही. लहानपणी ताप येऊन माझा डावा पाय थोडा बारीक राहिला. मी लंगडत नाही. लंगडू नये हे मी शिकलो आहे. पण पायरी चढताना किंवा बसमध्ये पाय टाकताना डावा गुडघा हाताने किंचित दाबल्याशिवाय मला त्याचा भरवसा वाटत नाही. हे मी असे करतो की कोणाला दिसू नये. हातात पुस्तक असते, धोतराऐवजी ढगळ पँट असते, हात सहज खाली गेल्यासारखा जातो. लग्न झाल्यावर काही महिन्यांनी कॉलेजच्या एका समारंभात मला स्टेजवर बोलावले. पायऱ्या उंच होत्या. मी गुडघा दाबला आणि मागून कोणीतरी हसले. ते मलाच हसले की नाही, ठाऊक नाही. घरी आल्यावर मी जेवलो नाही.

ती भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "लांबहात्याही असंच करायचा. नाचाआधी गुडघा दाबायचा."

मी विचारले, "खरंच?"

"नाही," ती म्हणाली. "पण करायला हवं होतं त्यानं."

एवढेच. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही. ती एकच गोष्ट तिने माझ्यासाठी रचली होती. जी बाई उभ्या जिल्ह्याला पुरावा मागायची, ती माझ्यासाठी एकदा खोटे बोलली होती, आणि ते खोटे आहे हेही तिनेच मला सांगितले होते. माझ्या आयुष्यात माझे स्वतःचे म्हणावे असे जे थोडे होते त्यात मी ते मोजत आलो.

आता ते देवळालीच्या माणसाने लिहिले होते.

मी वाट पाहत होतो की कोणीतरी पुरावा मागेल. कोणी मागितला नाही. ज्या गटात फरवालीच्या बुटांच्या रंगावरून दिवसभर वाद चालायचा, तिथे या माहितीखाली फक्त जोडलेले हात येत होते. जसे तिच्या मृत्यूच्या बातमीखाली आले होते तसेच. माहितीखाली हात कोणी जोडतो का? मला वाटले, यांना काहीतरी माहीत आहे, आणि ते मला माहीत नाही हेही यांना माहीत आहे.

मी तिच्या मोबाईलमधले फोन पाहिले. हे करू नये असे वाटत होते, आणि तरी केले. गटातल्या सगळ्यांचे नंबर तिने नावानिशी ठेवले होते. एकच नंबर असा होता ज्यापुढे माणसाचे नाव नव्हते. नुसते 'देवळाली'. त्या नंबरवर तिने किती तरी फोन केले होते. सगळे दुपारी. दुपारी मी वाचनालयात असतो.

माझ्या मनात काय काय आले ते लिहिण्यासारखे नाही. पण माणूस वाचणारा असला की त्याला संशयसुद्धा नीट मांडणी करून येतो. तारखा, वेळ, कारणे, सगळे आपोआप रांगेत लागते. मला आठवले की दुपारी वाचनालयातून लवकर आलो तर ती म्हणे, "आज इतक्या लवकर?" मला आठवले की मोबाईलवर बोलताना ती गॅलरीत जाई. घरात रेंज येत नाही म्हणून जाई. हे मला माहीत होते, तरी मी ते दुसऱ्या बाजूला मांडले.

मी ताईंना फोन केला. आढेवेढे न घेता विचारले, "देवळालीच्या सरांनी टाकलेली ती लांबहात्याची माहिती खरी आहे का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "सर, आता राहू द्या ना ते."

"का राहू द्यायचं?"

"त्या असत्या तर गोष्ट वेगळी. तुम्ही जेवताय ना वेळेवर?"

नागापूरचे गृहस्थ दोन दिवसांनी आपण होऊनच आले. ते मूळचे पाथर्डीकडचे. येताना त्यांनी कागदात गुंडाळून बुटाच्या टाचेला लावायच्या दोन पोलादी पट्ट्या आणल्या होत्या, आपल्या लेथवर बनवलेल्या. तसल्या पट्ट्यांनीच त्या नाचाचा टकटक आवाज येतो. तिने सांगितले होते म्हणे बनवायला. "राहून गेलं द्यायचं," ते म्हणाले. "आता तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"तिला कशाला हव्या होत्या?"

"त्ये आमी न्हाई इचारलं. म्याडमनी सांगितलं की करायचं."

मी त्यांना चहा दिला आणि तोच प्रश्न विचारला. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "आमी काय बोलावं, सर. तुमचं घरचं हाय."

घरचे आहे. हे शब्द त्यांनी सहज वापरले. माझ्या कानात ते संध्याकाळपर्यंत राहिले. जे माझ्या घरचे आहे ते देवळालीला कसे गेले, हा प्रश्न होता, आणि तो मी एकटाच विचारत होतो.

रविवारी सकाळी मी त्या माहितीखाली लिहिले, 'पुरावा?'

तिच्या मोबाईलवरून लिहिले होते, म्हणून तो प्रश्न तिच्याच नावाने उमटला. ते माझ्या पाठवल्यावर लक्षात आले. काही क्षण कोणीच काही लिहिले नाही. मग दिवसभर कोणीच काही लिहिले नाही. त्या रविवारची इतरांची माहितीसुद्धा आली नाही. संध्याकाळ झाली. नियमाप्रमाणे देवळालीवाल्यांनी माहिती काढून टाकायला हवी होती. त्यांनी काढली नाही, आणि काढा असे त्यांना कोणी सांगितलेही नाही.

मंगळवारी मी एसटीने राहुरीला गेलो आणि तिथून रिक्षाने देवळालीला. उसाच्या ट्रॉल्यांमागे रिक्षा रेंगाळत होती. मी काय विचारायचे ते ठरवून घेतले होते. पहिला प्रश्न: ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? दुसरा: केव्हा? तिसरा मी मनातही पूर्ण करत नव्हतो.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओटा चांगला उंच होता, कठडा नव्हता. वर प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, डावा हात मांडीवर निपचित, शेजारी काठी. मी स्वतःची ओळख सांगितली. ते उठू लागले, मी हातानेच बसा म्हटले, आणि पायरीवर पाय टाकायला वाकलो.

त्यांचे डोळे माझ्या हाताकडे होते. मी गुडघा दाबून वर आलो तोपर्यंत त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसत होती. दुसरी हलत नव्हती.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "बाहेर ये. पुरावा आलाय."

त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी कोण हे कळल्यावर त्यांनी आधी पाणी आणले, मग बसल्या. "लई नाव काढायच्या त्या तुमचं," त्या म्हणाल्या.

मी ठरवलेला पहिला प्रश्न विचारला. उत्तर दोघांनी मिळून दिले, एकमेकांना मध्येच तोडत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. घरी आणले तरी ते पाऊल टाकेनात. डॉक्टर म्हणत, चाला. ते म्हणत, पडेन. माझ्या बायकोला हे गटातून कळले आणि तिने फोन केला.

"माझ्याच नंबरवर यायचा फोन," पत्नी म्हणाल्या. "ह्यांच्या हातात फोन कुठं ऱ्हायचा. मीच धरायची कानाला. दुपारी करायच्या त्या. कारखान्याच्या गोष्टी, शिनेमाच्या गोष्टी. मला काय समजतंय. पर हे ऐकायचे."

"मी त्यांना म्हणालो, मॅडम, पायावर विश्वासच नाही राहिला," केमिस्ट म्हणाले. "तेव्हा त्यांनी लांबहात्याचं सांगितलं. गुडघा दाबायचा म्हणून. मी पडल्या पडल्याही गटातलाच माणूस, सर. म्हणालो, पुरावा?"

"मग?"

"म्हणाल्या, पुरावा माझ्या घरी राहतो. इतकी वर्षं बघतेय. एकदाही पडला नाही."

मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो.

"सिनेमात तसलं काही नाही हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "सगळे सिनेमे पाहिलेत मी. पण तुम्ही होतात ना. म्हणून दाबून पाहिला गुडघा. या ओट्यावरनं उतरलो पहिल्यांदा तेव्हा हिनं त्यांना फोन लावला, तर त्या म्हणतात, आता चढून दाखवा."

"म्हणजे बाकीच्यांनाही...?"

"सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या आठवणीसाठीच टाकलं मी ते. म्हणून तर कोणी बोललं नाही. पुरावा तुम्हीच, आणि विचारणारेही तुम्हीच. काय लिहिणार तुम्हाला कोणी?"

मी आयुष्यभर जे लपवले ते एक अख्खा गट जाणून होता. ताई जाणून होत्या, नागापूरचे जाणून होते. त्यांनी पुष्पे वाहताना माझ्या पायांकडे का पाहिले ते मला कळले. मी विचारले, "तिनेच सांगितलं का सगळ्यांना?"

त्यांनी पत्नीकडे पाहिले. "आता नक्की आठवत नाही. माझ्याकडूनही गेलं असेल. पण मागच्या हिवाळ्यात ताईंच्या गच्चीवर सगळे जमलो होतो ना. तुम्ही नव्हता. तेव्हा त्यांनी करून दाखवलं."

"काय करून दाखवलं?"

"लांबहात्या. असा गुडघा दाबला आणि नाचल्या."

मी म्हणालो, "ती नाचत नसे."

"नाचल्या की, सर," ते म्हणाले. "चांगल्या नाचल्या."

"मीबी हुते तिथं," पत्नी म्हणाल्या. "साडी अशी खोचली आन् टक टक टक. लई हसलो आमी. त्या न्हाई हसल्या."

मी तिला कधी नाचताना पाहिले नाही. मुलीच्या लग्नात सगळ्या बायकांनी हात धरून ओढले तरी ती उठली नव्हती. तेव्हा मला वाटले होते, शिक्षिका आहे, संकोच वाटत असेल. त्या ओट्यावर मला पहिल्यांदा वाटले की ती माझ्यासमोर उठली नसेल. माझ्या पायासमोर. तिने असे कधी म्हटले नाही. आता कोणी सांगू शकणार नाही. मी तिसरा प्रश्न विचारला नाही. त्याची गरज उरली नव्हती. त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि तो त्या माणसाला विचारण्यासारखा नव्हता.

"कोणी व्हिडिओ काढला होता?" मी विचारले.

"काढू दिला नाही त्यांनी. ताईंनी मोबाईल वर धरला तर म्हणाल्या, खाली ठेवा, नाहीतर मी जाते."

त्यांनी जेवल्याशिवाय सोडले नाही. निघताना केमिस्ट काठी घेऊन ओट्याच्या कडेपर्यंत आले. मी गुडघा दाबून उतरलो. तो दाबताना हात लपवला की नाही, हे मला आठवत नाही.

त्यानंतर मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, ती दोन पावले पुढे आणि एक गिरकी, एवढेच नाचली, आणि मग म्हणाली, पाणी द्या. नागापूरचे म्हणाले, गिरकी नव्हती. पावले आडवी होती आणि नाच बराच वेळ चालला, म्हणून तर त्यांनी टाचेच्या पट्ट्यांचा विषय काढला, आणि ती म्हणाली, बनवा. केमिस्ट म्हणतात, ती गातही होती. ताई म्हणतात, छे, गाणे मोबाईलवर लागले होते. ही सगळी माणसे बारीक गोष्टींत चूक न करणारी आहेत. मी प्रत्येकाला पुन्हा विचारले आणि प्रत्येकाने तेच पुन्हा सांगितले. कधी वाटते, ती नाचलीच नाही, मला बरे वाटावे म्हणून यांनी मिळून रचले. त्यांना तशी शिकवण तिच्याकडूनच मिळालेली होती.

आता माझ्याकडे तिच्या नाचाच्या तीन हकिकती आहेत. त्या एकमेकींशी जुळत नाहीत.